बेलचं बटण

(काळा पडदा. एकच सरळ सूर, दहा सेकंद.)

कंटाळा आला ना? येणारच. सिंथेसायझरमधला ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारं सर्किट, हा असा असतो. वीज चालू आहे तोवर एकाच पट्टीत ओरडत राहतो, शेजारच्या मिक्सरसारखा. श्वास घेणं नाही, थांबणं नाही.

(ट्रुमन्सबर्गचं जुनं छायाचित्र.)

१९६४ चा उन्हाळा. न्यूयॉर्क राज्यातलं ट्रुमन्सबर्ग नावाचं छोटं गाव. इंजिनिअर रॉबर्ट मोग आणि संगीतकार हर्ब डॉइच एका नव्या वाद्याच्या मागे लागलेत. आडनावाचा उच्चार 'मूग' नव्हे, 'मोग'. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, तेव्हा गोव्याच्या प्रेक्षकांनी काय हसायचं ते आत्ताच हसून घ्यावं. तर डॉइचचं म्हणणं असं, की सूर मिळतोय, पण तो छेडल्यासारखा वाटत नाही. मोगनं त्याला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं. आणायचं काय? दारावरच्या बेलचं बटण.

बटण दाबलं की कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या सुट्या भागात, वीज भरायची, सोडलं की हळूहळू ओसरायची. त्या चढउताराच्या हाती आवाज दिला आणि त्या ओरडणाऱ्या सुराला पहिल्यांदा सुरुवात आणि शेवट मिळाला. याला म्हणतात एन्व्हलप. सुराभोवतीचं पाकीट.

पुढच्याच वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टनच्या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रातल्या व्लादिमिर उसाचेव्स्कींनी या पाकिटाचे चार भाग मागितले. ते चार भाग आज कुठल्याही सिंथवर दिसतात.

(जवळून: चार सरकत्या पट्ट्या. बोट पहिलीवर.)

अटॅक, म्हणजे आवाज शिखरावर पोचायला लागणारा वेळ. डिके, तिथून खाली उतरायला लागणारा. रिलीज, बोट उचलल्यावर विरून जायला लागणारा. आणि मधला सस्टेन. इथे नवशिका हमखास फसतो, मीही फसलो होतो. बाकी तिघे वेळ सांगतात, सस्टेन पातळी सांगतो. बोट दाबून ठेवलंय तोवर आवाजानं कुठल्या उंचीवर उभं राहायचं, एवढंच त्याचं काम.

आता बघा. अटॅक जवळपास शून्य, डिके पाव सेकंद, सस्टेन शून्य.

(ध्वनी: टणक, छेडलेला स्वर.)

तार छेडली. तोच ऑसिलेटर, तोच सूर. आता अटॅक एक सेकंद, सस्टेन पूर्ण वर, रिलीज दोन सेकंद.

(ध्वनी: हळूहळू भरून येणारा, मग विरणारा स्वर.)

गज फिरला. तरंग तसूभरही बदललेला नाही.

कानाची ही खोड पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरना १९४८ मध्येच दिसली होती. त्यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा क्षण कापून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना, ओबोसारख्या फुंकवाद्याचा वाटायला लागला. आपल्याकडे तबल्याचा 'ना' त्या पहिल्या टणत्कारातच ओळखू येतो. तो काढा आणि मग सांगा, कुठलं वाद्य ते.

हेच पाकीट फिल्टरला लावलं, की आणखी मजा. फिल्टर आवाजाचा चकचकीतपणा झाकतो. अटॅकबरोबर तो उघडत गेला तर काय होतं?

(ध्वनी: तुतारीसारखा स्वर.)

ट्रम्पेट जोरात फुंकला की नुसता मोठा होत नाही, उजळतोही. हे संगीतकार झाँ-क्लोद रिसे यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत संगणकावर तपासून दाखवलं. कान फसतो तो त्या उजळण्याला.

पाकीट एका स्वरापुरतं. पण कंप? तो पुन्हा पुन्हा हवा. त्यासाठी दुसरा ऑसिलेटर, इतका संथ की तो ऐकूच येत नाही. आपला कान साधारण सेकंदाला २० कंपनांच्या खालचं सूर म्हणून ऐकत नाही. हा त्याच्या खाली राहतो आणि दुसऱ्याला हलवतो. याचं नाव एलएफओ, लो फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर. स्वराच्या उंचीला लावला तर व्हायब्रॅटो, आवाजाच्या जोराला लावला तर ट्रेमोलो, फिल्टरला लावला तर वाव-वाव.

मोगच्याच १९७० च्या मिनिमोग या छोट्या सिंथेसायझरमध्ये यासाठी वेगळा एलएफओ नव्हताच. तीन ऑसिलेटरपैकी तिसरा खाली उतरवायचा. कंप हवा तर तिघांतला एक आवाज गमवायचा, असा तो सौदा.

(ध्वनी: सेकंदाला सहा, एकसारखा कंप.)

गळ्यातला व्हायब्रॅटो साधारण याच वेगाचा. तरी हा खोटा वाटतो. दरबारीतला गंधार आठवा. गवई त्याच्यावर झुलतो, पण दोन हेलकावे सारखे नसतात. एलएफओ मात्र घड्याळ आहे. म्हणून जाणकार एक युक्ती करतात: एलएफओच्या जोरालाच पाकीट लावतात. स्वर आधी सरळ लागतो, कंप मागाहून चढतो. गवयाची बरोबरी होत नाही, पण सोंग बरं वठतं.

आणि हा कंप वाढवत नेला तर? १९६७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतकार जॉन चाउनिंग संगणकावर तेच करत होते. व्हायब्रॅटो वेगवान, आणखी वेगवान.

(जवळून: बोटांत एलएफओची खुंटी. ध्वनी सोबत.)

आठ. बारा. अठरा. अजून थरथर मोजता येतेय. पंचवीस, आता ती खरखरायला लागली. साठ. दीडशे.

(ध्वनी: थरथर नाहीशी. धातूचा, घंटेसारखा नाद.)

ऑसिलेटर अजूनही दोनच आहेत.

(बोट बेलच्या बटणावरून उचललं जातं. नाद विरतो.)