शंभर रुपयांची कपात

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च महिना लागला की मला अजूनही पहाटे चारला जाग येते. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस गाठायचीय, रेक्झिनच्या पिशवीत कागद भरायचे राहिलेत, असं वाटतं. मग आठवतं, आपण रिटायर झालो. जिल्ह्यातल्या एका आमदारांकडे मी पंधरा वर्षं स्वीय सहायक होतो. लोक पीए म्हणतात. आमदारांना सगळा मतदारसंघ आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणतो. पंधरातली बहुतेक वर्षं आबा विरोधी बाकावर होते, त्यामुळे माझ्या वाट्याला भूमिपूजनाचे नारळ कमी आले आणि कागद जास्त.

रेडिओवर पक्षाची नावं घ्यायची नाहीत, असं मला आधीच बजावलंय. बरंच झालं. मी ज्या बाकाबद्दल बोलणार आहे, त्यावर महाराष्ट्रातले जवळजवळ सगळेच पक्ष कधी ना कधी बसून गेलेत.

सरकारनं एखाद्या कामाचा पैसा आखडला, दवाखान्यातली माणसं कमी केली, शाळा बंद करायला काढली, तर विरोधातला आमदार नेमकं काय करतो? टीव्हीवर आपल्याला विधानभवनाच्या पायऱ्या दिसतात, गळ्यात कांद्याच्या माळा, घोषणा, आणि मागून कॅमेऱ्यात डोकावणारे दोघे-तिघे. त्याला मी नावं ठेवत नाही. पण ते दहा मिनिटांचं काम. उरलेलं सगळं कागदावर चालतं, आणि तिथला पहिलाच नियम मोठा गमतीचा आहे.

राज्यघटनेचं 203वं कलम सांगतं की खात्याच्या खर्चाची मागणी विधानसभेपुढे आली की सभागृहानं ती मंजूर करावी, नाकारावी किंवा कमी करावी. वाढवायची सोय नाही. एक रुपयासुद्धा नाही. आता आबांना म्हणायचं असायचं की आरोग्याला पैसा पुरत नाही, जास्त द्या. तसं मागताच येत नाही म्हटल्यावर करायचं काय? तर 'आरोग्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत' अशी सूचना द्यायची. तिचं नाव कपात सूचना. हजारो कोटींच्या मागणीतले शंभर रुपये कापा, म्हणजे त्या निमित्तानं मला माझ्या दवाखान्यावर दोन मिनिटं बोलता येईल! भांडण कपातीशी आणि अर्ज कपातीचाच.

पहिल्या वर्षी मला वाटलं, नमुना चुकीचा हाती आलाय. मी विचारलं, "आबा, आपण कमी करा म्हणतोय?" आबा चष्मा पुसत म्हणाले, "लेकी बोले सुने लागे, एवढंच आहे ते. बोलायचं शंभर रुपयांना, लागायचं मंत्र्याला."

अशी सूचना खरोखरच मंजूर झाली तर तो सरकारवर अविश्वास दाखवल्यासारखाच प्रकार होतो, म्हणून बहुमतातलं सरकार ती मंजूर होऊच देत नाही. आमची पंधरा वर्षांत एकही झाली नाही. आबांना त्याचं वाईट वाटायचं नाही. ते गोपाळ कृष्ण गोखल्यांचं उदाहरण द्यायचे. गोखले 1902 साली केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा सभासदांना त्यावर मत द्यायचा हक्कच नव्हता, नुसती बोलायची मुभा होती. तिजोरीत शिल्लक दिसत होती आणि सरकारचं कौतुक चाललं होतं. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर बसवला म्हणून ही शिल्लक उरलीय. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो एका भाषणानं उतरला असं मी म्हणणार नाही. पण मत नसताना आकडे घेऊन उभं राहायचं, ही रीत आपल्या मराठी माणसानं घालून दिली, याचा आबांना फार अभिमान.

आकडे वाचायलाही मला त्यांनीच शिकवलं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कापलेला पैसा 'कापला' म्हणून कुठेही छापलेला नसतो. खात्यांना अक्षरं असतात; सार्वजनिक आरोग्याचं आर, आदिवासी विकासाचं टी. त्या पानावर रकाने असतात, आणि चालू वर्षाच्या अर्थसंकल्पीय अंदाजाशेजारी असतो सुधारित अंदाज. आबांची लाल पेन्सिल थेट त्या दोन रकान्यांवर जायची. आपल्या घरातलंच घ्या. पाडव्याला ठरलं, किराण्याला महिना दहा हजार. होळीला वही काढली, तर महिन्याला साडेसहाच हातावर पडलेत. देत नाही असं वर्षभर कुणीच म्हणालं नाही. फक्त दिले नाहीत. सरकारात याला 'निधी वितरित झाला नाही' म्हणतात. तालुक्याच्या साहेबांना विचारलं तर ते संगणकाकडे बोट दाखवतात, "बीम्सवर आलं नाही हो." बीम्स म्हणजे पैसे वाटपाची प्रणाली. गावाकडे पुष्कळांना वाटतं, बीम्स हा मंत्रालयातला कुणी अधिकारी आहे.

कधी कधी कपात उघडही होते. 2020 सालच्या 4 मे रोजी, टाळेबंदीत, वित्त विभागानं शासन निर्णय काढला. विकासकामांना तरतुदीच्या 33 टक्केच पैसे, नव्या योजना नकोत, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती नको. तिजोरीच आटली होती, भांडायचं कुणाशी? तरी तो कागद मला आवडतो. त्यावर आकडा होता, तारीख होती, सही होती. गुपचूप होणाऱ्या कपातीला यातलं काहीच नसतं.

तशी एक मी जवळून पाहिली. गावाचं नाव सांगत नाही. घाटाकडचा आदिवासी भाग, पावसाळ्यात ओहोळ भरला की रस्ता तुटतो. तिथे आरोग्य उपकेंद्र होतं. इमारत चांगली होती, भिंतीवर लसीकरणाच्या वारांचं वेळापत्रक रंगवलेलं, आणि दाराला कुलूप. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली असती तरी फिरली नसती. ओट्यावर कुणीतरी नागली वाळत घातली होती. नर्सबाई रिटायर झाल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आल्याच नाहीत. पद मंजूर, माणूस नाही. पगार वाचला की पुस्तकात बचत दिसते.

आबांनी विचारलं, किती दिवस झाले? नागली राखत बसलेल्या आजी म्हणाल्या, "हा नातू पोटात व्हता तवा बाई व्हती." नातू समोरच पाटीवर रेघोट्या ओढत होता. आबांनी त्याला विचारलं, "कितवीत रे?" तो म्हणाला, "दुसरीत." मी डायरीत लिहिलं, पद अंदाजे सात वर्षं रिक्त.

त्या रात्री मुंबईत आमदार निवासात बसून मी प्रश्न तयार केला. त्या इमारतीचं नाव आकाशवाणी आमदार निवास, म्हणजे तुमच्या-माझ्या रेडिओशी माझं नातं तेव्हापासूनचं. खोलीत दोन लोखंडी खाटा, जमिनीवर गावाकडून ऑपरेशनसाठी आलेले तीन पेशंट आणि त्यांचे नातेवाईक झोपलेले, आणि मी बाथरूमच्या दिव्याखाली स्टुलावर कागद घेऊन. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला असतो. 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (1) अमुक उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' मराठीत असं कुणी बोलत नाही, पण या भाषेत एक खुबी आहे. सरकारला 'हे खरे आहे' किंवा 'हे खरे नाही' असं छापील उत्तर द्यावंच लागतं. भाषणाला टोलवता येतं, याला सही करावी लागते.

प्रश्न दिला, जोडीला कपात सूचनाही दिली. सूचनेचं व्हायचं तेच झालं. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. होय म्हणणारे होय म्हणतात आणि आमच्यासारख्यांचे गठ्ठे तिथेच संपतात. याला गिलोटिन म्हणतात. दिल्लीत 2018 साली 14 मार्चला गोंधळात अख्ख्या देशाचा अर्थसंकल्प असाच चर्चेशिवाय, जेमतेम अर्ध्या तासात लोकसभेत मंजूर झाला.

ती तारीख माझ्या लक्षात राहिली ती आपल्या नाशिकमुळे. त्याच महिन्यात 6 तारखेला सीबीएस चौकातून शेतकरी आणि आदिवासी बायामाणसं मुंबईला पायी निघाली होती. जवळजवळ 180 किलोमीटर. वनजमिनी, कर्जमाफी, रेशन अशा त्यांच्या मागण्या. पुढाऱ्यांत कळवण-सुरगाण्याचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित होते, 288 जणांच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. मोर्चा वाटेत असतानाच, 9 मार्चला, राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून ही माणसं रात्रीतून मुंबई ओलांडून 12 तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचली, आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. एकट्या आमदारानं सभागृहात कितीही सूचना दिल्या असत्या तरी ते मिळालं नसतं, असं माझं मत आहे. पण बाहेरच्या मोर्च्याला आत कुणीतरी लागतो, हेही तितकंच खरं. लेखी आश्वासनाचं म्हणाल तर 2019 ला आणि 2023 ला पुन्हा निघावंच लागलं.

सरकारची बाजू मला कळत नाही असं नाही. 2025-26 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात 45 हजार 891 कोटींची महसुली तूट दाखवली होती आणि एकट्या लाडकी बहीण योजनेला 36 हजार कोटी ठेवले होते. महिन्याचे दीड हजार हातात आले की बाईला केवढा आधार होतो, ते माझ्या गल्लीत मी पाहतो. ते चूक म्हणायची माझी हिंमत नाही. पण अंथरूण तेवढंच असलं तर पाय कुठून तरी उघडे पडणार. 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचा पैसा या योजनेकडे वळवला, तेव्हा त्यावर जाहीर नाराज झाले ते खुद्द त्या वेळचे सामाजिक न्यायमंत्री. विरोधकांचं काम मंत्र्यांनीच केलं! आणि आदिवासी विकासाचं राज्याचं आयुक्तालय आहे आपल्या नाशकात, त्यामुळे तो पैसा कमी पडला की बिऱ्हाड घेऊन लोक येतात तेही इथेच.

विरोधी बाकही आता भलताच विरळ झालाय. 2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधातल्या एकाही पक्षाला एकूण जागांचा दहावा हिस्सा, म्हणजे 29 जागा, मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. मोठा आवाज नसला की बारीक वाचन करणाराच कामाला येतो, असं मला वाटतं. हा पीएचा अभिमान समजा हवं तर.

शाळांचंही सांगायला हवं. 2023 च्या जानेवारीत इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची पोरं बंद केलेल्या शाळेसाठी नाशिकला जिल्हा परिषदेकडे निघाली होती. सोबत शेळ्या. दप्तरं तुम्ही घ्या, आम्हाला राखायला शेळ्या द्या, असं त्यांचं म्हणणं. कपात सूचनेचा याहून चांगला मसुदा मला पंधरा वर्षांत जमला नाही.

तर आमच्या उपकेंद्राचा प्रश्न. सभागृहात तो तोंडी पुकारलाच गेला नाही, प्रश्नोत्तराचा तास आधीच संपला. पण लेखी उत्तर आलं. मी पाकीट फोडलं. पहिल्या भागाचं उत्तर: 'हे अंशतः खरे आहे.' दुसऱ्याचं: 'रिक्त पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे.' तिसऱ्याचं, नेहमीचं: 'प्रश्न उद्भवत नाही.' आबांनी कागद तीनदा वाचला. मग मला म्हणाले, चहा सांग, भजी पण सांग. 'अंशतः खरे आहे' ही विरोधी बाकावरची दिवाळी असते. सरकारनं निम्मं का होईना, कबूल केलेलं असतं, आणि पुढच्या अधिवेशनात त्याच ओळीला धरून विचारता येतं.

शनिवारी आम्ही तो कागद घेऊन गावात गेलो. पारावर माणसं जमली. आबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नागलीवाल्या आजी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंशतः म्हंजे कितीक, आबा?"

आबांना उत्तर सुचलं नाही. पंधरा वर्षांत मी त्यांना गप्प झालेलं तेवढंच पाहिलं.

पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न गेला, लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, गेली, खात्याच्या सचिवांच्या दालनाबाहेर आम्ही दोन दुपारी बसून काढल्या. दिवाळीनंतर नर्सबाई आल्या. कुलूप किल्लीनं उघडेना, तेव्हा गावातल्या पोरांनी दगडानं तोडलं. नर्सबाई कंत्राटी होत्या, आदेश अकरा महिन्यांचा. आबांनी तो आदेश हातात घेतला, बोटांवर महिने मोजले आणि मला म्हणाले, "बाराव्या महिन्याचा प्रश्न आताच लिहून ठेव."

नमस्कार.