नंबर बदलूनही दिसत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. दिसायला कमी आलं की आपण चष्म्याचा नंबर काढतो, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं. पण नंबर पुन्हापुन्हा बदलला, मोतीबिंदू नाही, पडदाही ठीक, आणि तरी तक्रार तशीच असेल, तर दोष डोळ्याच्या मागे शोधावा लागतो.

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या जरा वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि त्यांतले काही तंतू एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. डाव्या-उजव्या कडेचं दृश्य मेंदूकडे नेणारे हेच ते तंतू. ग्रंथीत गाठ वाढली की नेमके तेच दाबले जातात. म्हणून समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, आणि बाजूने आलेली रिक्षा त्याला अंगावर आल्यावरच दिसते. दुखत काहीच नाही, त्यामुळे घरचे म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुझं?"

तपासणी साधी असते. मी हातभर अंतरावर समोर बसतो, एक डोळा झाकायला लावतो आणि म्हणतो, "माझ्या डोळ्यात बघा, बोट हललं की सांगा." बोट कडेने आत आणत जातो. काही जण ते जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत गप्प असतात. मग यंत्रावर फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं त्याची मोजणी, आणि एमआरआय.

ही ग्रंथी शरीरातली हार्मोन्स बनवते, त्यामुळे गाठीची लक्षणं डोळ्याबाहेरही दिसतात. पाळी बंद झाली, अंगावर पाजत नसताना दूध येतं, अंगठी घट्ट झाली, चपलेचा नंबर वाढला, हे डोळ्यांच्या डॉक्टरला कोण सांगणार? मीच विचारतो. तुम्ही न विचारता सांगितलंत तर उत्तम.

या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, बनवणारी गाठ बऱ्याचदा नुसत्या गोळ्यांनी आकसते. बाकीच्यांची शस्त्रक्रिया बहुधा नाकातून होते. दाब वेळेत निघाला तर गेलेली नजर पुष्कळदा परत येते. नस सुकून गेल्यावर मात्र फारसं हाती लागत नाही.

डोळ्याच्या खोबणीतल्या गाठीची तऱ्हा वेगळी. एक डोळा हळूहळू पुढे येतो, किंवा त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो. आळीपाळीने एकेक डोळा झाकून एकाच लाल वस्तूकडे बघा, फरक कळेल.

आणि अचानक भयंकर डोकं दुखून उलट्या झाल्या, दिसेनासं झालं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ग्रंथीत रक्तस्राव झालेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.