ईसीजीतल्या सपाट जागा

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत हालचालींचा आलेख, हातात आला की नजर आधी उंच टोकांवर जाते. आज मला तुमचं लक्ष त्या टोकांच्या मधल्या सपाट रेषेकडे वळवायचं आहे. तिथं काहीच घडत नसावं असं वाटतं, आणि नेमकं तिथंच बरंच काही चाललेलं असतं.

आधी कागद समजून घेऊ. तो साधारणपणे सेकंदाला 25 मिलिमीटर वेगानं सरकतो, म्हणजे आडवा एक लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.2 सेकंदाचा. उभे 10 मिलिमीटर म्हणजे 1 मिलिव्होल्ट. हा वेग कागदावर छापलेला असतो. तो न बघता काहीही मोजू नका.

ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदाच्या (हृदयाचा वरचा कप्पा) वरच्या भागातल्या सायनस नोडपासून, म्हणजे ठोक्याचा संकेत देणाऱ्या पेशींच्या गाठीपासून, होते. तिथून निघालेली विद्युत लाट दोन्ही अलिंदांत पसरते, तिची कागदावर उमटणारी पहिली लहान लाट ती आपली पी वेव्ह. मग रेषा सपाट होते. लाट थांबलेली नसते. ती अलिंदं आणि निलयं (हृदयाचे खालचे कप्पे) यांना जोडणाऱ्या एव्ही नोडमधून अगदी सावकाश पुढे सरकत असते. हा नोड इतका लहान, की त्याचा विद्युतदाब त्वचेवरच्या इलेक्ट्रोडना जाणवत नाही. हा उशीर मला हृदयाच्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तेवढ्या वेळात अलिंदं आपलं रक्त निलयांत ढकलतात आणि त्यानंतर निलयं आकुंचन पावतात. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस (निलयांत लाट पसरतानाचं उंच टोक) सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे पीआर इंटरव्हल. प्रौढांत तो 0.12 ते 0.20 सेकंद, तीन ते पाच लहान चौकोन.

क्यूआरएस उंच दिसतो, कारण निलयांचे स्नायू जाड असतात. पण उंचीपेक्षा रुंदी बघा. हिस बंडल आणि पर्किंजे तंतू या वेगवान वाहक वाटा लाट इतक्या झपाट्यानं पोहोचवतात की सगळं 0.12 सेकंदाच्या आत उरकतं. अलिंदं विद्युतदृष्ट्या पूर्ववत होतात तेही याच सुमारास, म्हणून त्यांची खूण वेगळी दिसत नाही.

त्यानंतरचा एसटी भाग पुन्हा सपाट. इथं निलयांच्या जवळपास सगळ्या पेशी एकाच विद्युतस्थितीत असतात. फरकच नाही, तर यंत्र काय नोंदवणार? मग टी वेव्ह, निलयं पूर्ववत होण्याची. उलट क्रिया असूनही ती सहसा क्यूआरएसच्याच दिशेला का? निलय सक्रिय होतं ते आतून बाहेर, पूर्ववत होताना मात्र बाहेरचा थर आधी. क्रिया उलटी आणि दिशाही उलटी, म्हणून चिन्ह तेच राहतं.

क्यूटी इंटरव्हल, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा काळ, मात्र नुसता मोजून भागत नाही. नाडी वेगानं चालली की तो आखूड होतो, म्हणून वेगानुसार दुरुस्त करावा लागतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ बॅझेट यांचं 1920 चं सूत्र आजही वापरात आहे: क्यूटीला आर-आर अंतराच्या (लागोपाठच्या दोन आर टोकांमधला काळ, सेकंदांत) वर्गमूळानं भागायचं. मिनिटाला 60 ठोके असतील तर आर-आर 1 सेकंद, तेव्हा दुरुस्तीची गरजच नाही.

ही पी, क्यू, आर, एस, टी अक्षरं ईसीजीचे जनक आइंथोव्हेन यांनी दिलेली. त्यांना 1924 चं नोबेल मिळालं.

शेवटी, आर-आर अंतरं थोडी कमी-जास्त दिसली तर लगेच घाबरू नका. तरुण, निरोगी माणसांत श्वास आत घेताना ठोके जवळ येतात आणि सोडताना लांबतात. पी वेव्हचा आकार आणि पीआर तसेच राहत असतील, तर हा अनियमितपणाही नॉर्मलच.