हाड जुळल्यानंतरची वर्षं

[दृश्य: एक्स-रे पाहण्याच्या दिव्यावर नडगीचे दोन एक्स-रे, शेजारीशेजारी]

डावीकडचा एक्स-रे अपघातानंतर दहाव्या महिन्याचा. नडगीच्या खालच्या भागात काळी फट तशीच आहे. उजवीकडचा दोन वर्षांनंतरचा, आणि त्यात फट भरून आली आहे. फाइलवर 'हाड जुळलं' असा शेरा पडतो. ज्याचं हे हाड आहे त्याला मांडी घालता येते का, खुरपणीला बसता येतं का, जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो का, हे दोन्ही एक्स-रेंत कुठेच दिसत नाही.

नडगीचीच हाडं इतकी का अडतात? हाडाची आतली बाजू थेट कातडीखाली असते, बोटांनी चाचपता येते. तिथे स्नायूचं पांघरूण नाही, आणि घोट्याकडे जाताना रक्तपुरवठा आणखी तोकडा होतो. दुचाकीच्या अपघातात कातडी फाटून हाड उघडं पडलं, की होता तो पुरवठाही तुटतो आणि जंतूंना वाट मिळते. साधारणपणे 9 महिने उलटले आणि शेवटच्या 3 महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच प्रगती नसेल, तर 'हाड जुळत नाही' असं धरतात. हाडाचा मोठा तुकडाच निघून गेला असेल, तर एवढं थांबण्यात अर्थ नसतो.

[दृश्य: फटीचा जवळून घेतलेला एक्स-रे, टोकं फुगलेली, नंतर दुसरा, टोकं निमुळती]

फटीची टोकं फुगलेली असतील, तर शरीर हाड तयार करतंय, पण तिथली हालचाल थांबत नाही. अशा वेळी हाडाच्या आतल्या पोकळीत आधी बसवलेला रॉड काढून, ती पोकळी थोडी रुंद करून, एक-दोन मिलिमीटर जाड रॉड घातला की बहुतेकदा काम होतं. टोकं निमुळती, निर्जीव दिसत असतील तर नुसती पकड पुरत नाही. कमरेच्या हाडातून काढलेला भुगा तिथे भरावा लागतो. आणि आत जंतू असतील, तर आधी मेलेलं हाड निरोगी, रक्ताळलेल्या कडेपर्यंत काढून टाकावं लागतं. हीच पायरी अर्धवट राहिली की पुढची सगळी शस्त्रक्रिया वाया जाते. कुठला जंतू आहे हे कळायला आतल्या ऊतीचे किमान पाच नमुने तपासणीला पाठवतात, आणि शक्य असेल तर त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात. औषध चालू असताना घेतलेला नमुना खोटा दिलासा देऊ शकतो.

तंबाखूचं इथेच बोललेलं बरं. विडी, गुटखा, मिश्री, निकोटीन कुठल्याही वाटेने आत गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात. 'मी ओढत नाही, फक्त लावते' याने हाडाला फरक पडत नाही. साखर आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्यायला हवं.

2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नडगी न जुळलेल्या रुग्णांच्या शारीरिक आरोग्याचे गुण हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांपेक्षाही खाली आढळले. बाहेरून तरुण, धडधाकट दिसणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांना हे पटत नाही. त्याची झोप, त्याची चिडचिड, बुडालेली नोकरी या गोष्टी त्याच फटीतून आलेल्या असतात. हाड जुळल्यावर बहुतेकांचं जगणं नक्की सुधारतं, पण अपघाताआधीच्या पातळीवर सगळेच पोचत नाहीत. कोण किती पोचेल, हे बरंचसं उपचार चालू असतानाच ठरत असतं.

[दृश्य: पायाला रिंग बसवलेली, रुग्ण पाना घेऊन नट फिरवतो]

सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात ही रिंग विकसित केली. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल, तर ती जागा हिने भरून काढता येते. हाडाचा निरोगी भाग कापून, काही दिवस थांबून, तो रोज 1 मिलिमीटर सरकवायचा, आणि मागे राहणाऱ्या जागेत नवं हाड धरतं. एक मिलिमीटर एकदम सरकवायचं नाही. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर, म्हणजे नटचा पाव फेरा. घाई केली तर नवं हाड विरळ राहतं, फार हळू गेलं तर ते आधीच घट्ट होऊन पुढे सरकत नाही. 4 सेंटिमीटरची मोकळी जागा भरायला सरकवण्याचेच 40 दिवस लागतात, पण रिंग उतरायला सेंटिमीटरमागे दीड-दोन महिने धरावेत.

या काळात सगळ्यांचं लक्ष हाडावर असतं आणि घोटा मागे पडतो. नडगी सरकते तशी पोटरी ताणली जाते, टाच वर खेचली जाते, पंजा खाली झुकतो. तीन महिने तो तसाच राहिला तर टाच जमिनीला टेकणं अवघड होतं, आणि मग पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा लांब करायला वेगळी शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून पंजा नडगीशी काटकोनात धरून ठेवायला हवा. चपलेला पट्टे लावून ती रिंगला बांधली तरी चालतं. झोपेतसुद्धा. शिवाय दिवसातून अनेकदा पंचा तळव्याला अडकवून पंजा स्वतःकडे ओढायचा आणि अर्धा मिनिट धरायचा. रिंगला हाडाशी धरून ठेवणाऱ्या तारांभोवती लाली, पू किंवा टोचरी वेदना दिसली की दवाखाना गाठायचा. सैल झालेली तारही दुखते.

[दृश्य: भिंतीसमोर उभी व्यक्ती, गुडघा भिंतीला लावते]

घोट्याची घरची तपासणी अशी. भिंतीकडे तोंड करून उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि पाय हळूहळू मागे न्या. गुडघा टेकेनासा होतो तिथे अंगठ्यापासून भिंतीचं अंतर मोजा. दोन्ही पायांची तुलना करा. उकिडवं बसायला हीच हालचाल लागते. जीवनमान मोजणाऱ्या प्रचलित प्रश्नावलीत हिंडणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता विचारतात. उकिडवं बसण्याचं, पंगतीचं, गाय पिळण्याचं कोणी विचारत नाही. आपल्याकडे ते विचारायलाच हवं.

रॉड घातलेल्यांची तक्रार वेगळी. रॉड गुडघ्याच्या पुढून आत जातो, त्यामुळे गुडघे टेकताना वर्षानुवर्षं दुखू शकतं. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम, टेकताना जाड उशी आणि संडासात कमोड खुर्ची एवढ्याने पुष्कळांचं भागतं. पाय आखूड राहिला असेल तर 1 सेंटिमीटरपर्यंतची उंची चपलेच्या आत बसते. त्याहून जास्त असेल तर तळ बाहेरून वाढवावा लागतो. लाजेपोटी ते टाळलं की कंबर दुखायला लागते.

जंतुसंसर्ग झालेल्या हाडाला 'कायमचं बरं झालं' म्हणताना जपून राहावं. पाच-दहा वर्षांनीही रात्रीची ठसठस, गरम सूज किंवा जुन्या व्रणातून पाणी येणं सुरू होऊ शकतं. असं दिसल्यावर दुकानातून गोळ्या आणून दाबू नका. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेच्या कडेला क्वचित कातडीचा कर्करोगही होतो. कड जाड झाली, वास किंवा रक्त वाढलं, तर त्या कडेचा तुकडा तपासायलाच हवा.

[दृश्य: प्लॅस्टिकची जुनी फाइल, त्यात शस्त्रक्रियेची नोंद आणि रॉडच्या पाकिटावरचं स्टिकर]

फाइल जपा. शस्त्रक्रियेची नोंद, जंतूंचा अहवाल, आणि रॉड-प्लेटच्या पाकिटावरचं स्टिकर. रॉड काढायची वेळ आली, तर प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला आणि रॉडच्या टोकाला वेगळी हत्यारं लागू शकतात. स्टिकर हाती असलं, तर सर्जन ती आधीच मागवून ठेवू शकतात.