अण्णांना बसवून ठेवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

माणसाची साठी उलटली की घरचे मायेनं म्हणू लागतात, "अण्णा, लई कष्ट केलेत, आता निवांत बसा." मग भाजी सून आणते, दूध नातू आणतो, वीजबिल मोबाइलवर भरलं जातं. अण्णांना उरतो पलंग आणि टीव्ही. या मायेबद्दलच मला आज बोलायचं आहे. तिच्यापायी अण्णांचे गुडघे आखडतात, आणि डोकंही मंदावायला लागतं.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात हे फार दिसतं. पाळीभर यंत्रमागांमधून फेऱ्या मारणारा, कांडी बदलणारा, तुटलेला धागा जोडणारा माणूस काम सुटल्यावर एकदम थांबतो. विडी वळणाऱ्या मावशींचं वेगळं. त्यांचे हात अखंड चालतात, पण मांडीवर सूप घेऊन बैठक तासन्‌तास मोडत नाही. म्हणून "मी दिवसभर कामातच असते" असं म्हणणाऱ्या मावशींनाही चालायची गरज आहेच.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. हा पुरवठा बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. रक्तदाब आणि साखर वाढलेली राहिली की त्याच वाहिन्या खराब होतात. चालण्यानं दोन्ही ताब्यात राहायला मदत होते, झोप सुधारते, मन हलकं होतं.

अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे जण आठवड्यातून ३ दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटं चालले. बाकीच्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवी आठवण साठवायला लागणारा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला दिसला. दुसऱ्या गटात तो थोडा घटला होता. अभ्यास लहान होता, नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका स्पष्ट फरक आढळलेला नाही. तरी या वयातही मेंदू बदलू शकतो, हे ऐकून मला फार धीर येतो.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार हालचाल सांगते. दमदार म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. शिवाय आठवड्यातून २ दिवस ताकदीचा व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, एवढ्यानं सुरुवात होते. सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा हुतात्मा बागेत जाता आलं तर उत्तम, नाहीतर गल्लीतल्या फेऱ्याही चालतात. एप्रिल-मेमध्ये मात्र उजाडताच जाऊन या. आपलं ऊन म्हाताऱ्या माणसाला खरोखर धोक्याचं आहे. हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट सोलापुरात आवर्जून सांगायला हवी, ती कानांची. मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या कित्येकांना कमी ऐकू येतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी १४ टाळता येण्यासारखी कारणं मांडली. त्यांत हालचालीचा अभाव आहे, तसा बहिरेपणाही आहे. ऐकू न येणारा माणूस चारचौघांत जायचं टाळतो, कट्ट्यावरून उठतो, फिरायचा ग्रुप सोडतो. तेव्हा कान तपासून घ्या. गरज असेल तर यंत्र लावायला लाजू नका.

मुलासुनांना माझी विनंती आहे: एखादं काम अण्णांकडे परत द्या. मंडईतून भाजी आणणं, दुकानदाराशी भाव करणं, सुट्टे पैसे मोजणं, यात पाय आणि डोकं दोन्ही लागतात. वेळ जास्त लागेल, एखादी जिन्नस विसरेल. विसरू द्या.

विसरणं वाढतच चाललं, नेहमीचा रस्ता चुकू लागला, तर "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. निदान डिमेन्शियाचंच झालं, तर चालण्यानं तो बरा होणार नाही. पण चालणं थांबवूही नका. रोज कुणीतरी सोबत जा, आणि त्यांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

नमस्कार.