पाट्यापासून कैलासापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरी पाटा-वरवंटा आहे का? असला, तर बहुधा गॅलरीत कुंड्यांच्या आड भिंतीला टेकवून ठेवलेला असेल. आमचाही तिथेच आहे. लहानपणी त्याच्यावर रोज चटणी वाटली जायची. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला, की आई टाकीवालीची वाट बघायची. ती आली की अंगणात फतकल मारून बसायची, छिन्नी काढायची, आणि मग टक् टक् टक्. दगडाचं काळसर पीठ उडायचं, पाट्यावर ठिपके उठायचे. त्या दिवशीची चटणी कचकचणार, हे ठरलेलं. म्हणून आई आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायची.

हे सगळं आठवायला कारण झाला माझा भाचा. तो बंगळुरूला असतो. दिवाळीत मुलांना घेऊन येतोय. फोनवर म्हणाला, "मामा, दहा दिवस आहेत. आपल्याकडे बघण्यासारखं काय काय आहे, त्याची यादी पाठव." म्हटलं, "याद्या तुझ्या मोबाइलमध्ये ढिगानं आहेत. मी तुला एक दगड देतो, तो धरून चाल."

हा दगड म्हणजे आपल्या पाट्याचाच काळा पाषाण. कुणी काळवत्री म्हणतं, पुस्तकात बसाल्ट म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराला, इथली जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा शेंड्यातून आग ओकणारा डोंगर डोळ्यासमोर आणू नका. तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा तो पसरला, थिजला. मग त्याच्यावर दुसरं घावन, त्याच्यावर तिसरं. सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. झीज होऊन होऊन आज जे उरलंय, तेही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त.

हे पाहायला तिकीट लागत नाही. कसारा किंवा बोरघाटातून रेल्वेनं जाताना मोबाइल खिशात ठेवा आणि डोंगराकडे बघा. आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसतील. डेक्कन ट्रॅप या नावातला 'ट्रॅप' हा पायरीच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय. कठीण थराचा ताशीव कडा होतो, मऊ थर झिजून त्याची सपाटी होते. आपले गड उभे राहिले ते या हिशोबावर. माचीला सपाटी आयती मिळाली, आणि खालचा कडा हाच तट. जिथे निसर्गानं तट बांधायचा सोडला, तेवढीच जागा माणसांनी बांधून काढली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलंत, तर कडा तुमच्या पोटाखालून आत वळलेला दिसतो. पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुकं असा योग आला, तर तिथे गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. मला ते दिसलेलं नाही. तीनदा गेलो, तिन्ही वेळा भिजून परत आलो.

आता लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव. गावाच्या कडेला येईपर्यंत काही कळत नाही, सपाट शिवार असतं. आणि मग एकदम जमीनच संपते. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, काठापासून तळापर्यंत साधारण दीडशे मीटर खोल, आणि मधोमध हिरवट पाणी. आकाशातून अतिप्रचंड वेगानं आलेला एक पाषाण या काळ्या कातळावर आदळला, त्याचा हा वण. चंद्रावरचे कितीतरी खड्डे असेच बसाल्टात पडलेत. पृथ्वीवर मात्र बसाल्टात पडलेली विवरं अगदी मोजकी, त्यातलं हे सगळ्यात नीट राहिलेलं. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही लोणारला येतात.

1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं याची नोंद केली. त्यानंतर पुढची शंभर-दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचाच खड्डा असावा, असं अनेकांना वाटत होतं. सगळीकडे लाव्हाचाच दगड, तेव्हा त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. 1970च्या दशकात इथल्या दगडात एक विशिष्ट काच सापडली. नुसत्या उष्णतेनं ती होत नाही, जबर आघाताचा धक्काच लागतो. तेव्हा वाद मिटला. वयाचा वाद मात्र चालू आहे. एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे 52 हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीनं पावणेसहा लाख.

गावातल्या लोकांना या मोजमापांची गरज नव्हती. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं त्याला मारला आणि ते भगदाड उघडं पडलं, ही त्यांची कथा. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ या विष्णूचंच. भिंतीवरची शिल्पं पाहायला तासभर हातात ठेवा. खाली विवरात उतरलात तर झाडीत मोर ओरडत असतात, पाण्याजवळ खारट उग्र वास येतो. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, नुसती वाफ होते, म्हणून ते खारं आणि सोड्यासारखं झालंय. काठावर गोमुखाची धार मात्र गोडी. 2020च्या जूनमध्ये हे सरोवर एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा सगळीकडे गहजब झाला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि मिठात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव फोफावले होते. पाऊस पडला, रंग गेला. त्याच वर्षी लोणारला 'रामसर', म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

आकाशातून घाव पडला तर काय होतं, हे लोणारला दिसतं. माणसानं घातलेला घाव बघायचा तर वेरूळ.

वेरूळला 34 लेणी आहेत. बौद्ध, हिंदू, जैन, सगळी एकाच डोंगराच्या कुशीत. पण वेळ थोडा असेल, तर सरळ सोळाव्या लेण्यात जा. कैलास. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळाशी त्याचं नातं जोडलं जातं. देवळं पायापासून वर बांधतात, हे कळसापासून खाली कोरलंय. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी चर खणले, मधे दगडाचा एक ठोकळा सुटा राहिला, आणि त्याला वरून तासत तासत खाली आले. परांची बांधायची गरजच नाही, पायाखालचा दगड हीच परांची. पण एक गोष्ट बघा. बांधलेल्या देवळात एखादा चिरा बिघडला, तर दुसरा बसवता येतो. इथे हत्तीची सोंड एकदा तुटली की तुटली. आणि खाली हत्ती येणार, हे शिखर कोरणाऱ्याला आधीच माहीत असायला हवं.

माझी सांगायची पद्धत अशी, की आधी आत जाऊ नका. शेजारच्या वाटेनं डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. तिथून तुम्हाला कारागिरांची नजर मिळते. वरून सुरुवात केली म्हणजे कुठून, ते तिथे कळतं. मग खाली उतरा आणि रावण कैलास हलवतोय ते शिल्प शोधा. मुलांना दाखवायला विसरू नका. नवव्या शतकातल्या, बडोद्याला मिळालेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय, की विमानातून जाणारे देव हे बघून थक्क झाले, आणि ज्यानं घडवलं तो शिल्पीही म्हणाला, अरे, हे मी केलं तरी कसं? ताम्रपटात राजाची स्तुती असते, ती गृहीतच धरायची. पण तिथे कारागिराचा उद्गार यावा, हे मला फार आवडतं.

अजिंठ्याबद्दल थोडकंच सांगतो. चित्रं तर तुम्ही बघणारच. पण चोविसावं लेणं चुकवू नका. ते अर्धवट राहिलंय, म्हणून घाईतले लोक पुढे जातात. छतापासून खाली कसं खोदत येतात, खांबासाठी दगड कसा सोडतात, ते सगळं तिथे उघडं दिसतं. टाकीवाली मधेच उठून गेली असावी, तसं.

पाण्याच्याही हातात छिन्नी असते. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जा. पात्र म्हणजे सलग काळा कातळ, आणि त्यात रांजणासारखे गोल खोल खळगे. एकात एक शिरलेले, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे अडकतात आणि जात्यासारखे फिरत राहतात, त्यांनी हे कोरलंय. लोक रांजणखळगेच म्हणतात. पाऊस सरल्यावर, पाणी उतरल्यावरच जायचं. फोटोसाठी ओल्या काठावर जाऊन उभं राहायचं नाही. हे जरा दरडावूनच सांगतोय.

कासचं पठार भाच्याला या खेपेला हुकणार. तिथली फुलं ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर, दिवाळीला सडा वाळून गेलेला असतो. तिथला दगडही वेगळा वाटतो, तांबडा जांभा. पण तो याच काळ्या पाषाणाचा नातू, उन्हापावसात कुजून झालेला. त्याच्यावर मातीचा थर बोटभरही नसतो, म्हणून झाडं नाहीत आणि म्हणून फुलं. शनिवार-रविवारी जाऊ नका. तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त असतात.

आणि ज्यांना मुंबईबाहेर पडायलाच जमत नाही, त्यांनी अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल बघावी. इमारतींच्या गर्दीत सुमारे 200 फूट उंचीचा काळा सुळका उभा आहे. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला उभे तडे गेले, म्हणून हा खांबांची जुडी बांधल्यासारखा दिसतो.  डोक्यावर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढून जाता येतं. आजूबाजूचा डोंगर बांधकामाच्या दगडासाठी फोडून नेला, हा एवढा उरला. त्या भागात वर्षानुवर्षं राहून एकदाही वर न गेलेली माणसं मला भेटली आहेत.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, म्हणजे दहा दिवस दगडच बघायचे?" मी म्हटलं, "हो. आणि निघताना गॅलरीतला पाटा घेऊन जा." तो हसला. पाटा काही नेणार नाही, पण वेरूळचं नक्की केलंय त्यानं. फक्त वार विचारला नव्हता. म्हणून त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो : वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, आणि अजिंठ्याची सोमवारी.

नमस्कार.