पत्ता पुलाचा नसतो

हा दुतोंड्या मारुती, गोदावरीच्या पात्रातली मूर्ती. गंगापूर धरणातनं पाणी सोडलं की नाशकात पहिला प्रश्न हाच असतो, मारुतीच्या कुठवर आलं, कमरेला की छातीला, आणि त्यावरनं पूर केवढा ते सगळ्यांना कळतं. पाणी चढलं की रामसेतू पूल बंद, मग पंचवटीत आमच्याकडे यायचं तर होळकर पुलावरनं या, थोडं लांब पडतं, पण घर तिथंच आणि पत्ताही तोच.

मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्या-बँकांच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, नेटवर्किंगमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हेच.

आयबीएमची सिस्टम 360 ही मेनफ्रेम आली 1964 ला, एसएनए हे आयबीएमचं स्वतःचं नेटवर्क 1974 ला, टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेट ज्यावर चालतं ती पद्धत, मेनफ्रेमवर त्यानंतर. आजच्या झेड-ओएसमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये, दोन्ही चालतं. बाहेरच्या नेटवर्कची केबल लागते ती ओएसए नावाच्या नेटवर्क कार्डाला. आता आयपी अ‍ॅड्रेस जर त्या कार्डाचाच वापरला तर कार्ड गेलं की पत्ता गेला, आणि त्या पत्त्यावर जोडलेली सगळी माणसं एका झटक्यात बाहेर. म्हणून व्हीपा, म्हणजे व्हर्च्युअल आयपी अ‍ॅड्रेस. तो कुठल्याच कार्डाचा नसतो, मशीनच्या आतल्या टीसीपी-आयपीचा असतो, कार्डं म्हणजे फक्त पूल. एक बंद पडलं की ओएसपीएफ, म्हणजे रस्ते कळवणारी पद्धत, राउटरला सांगते, आता त्या बाजूनं या.

हे मला पाठ होतं. तरी फसलो.

एका टेस्टला आम्ही रात्री मुद्दाम एक कार्ड बंद केलं. आत आलेली 3270 ची, म्हणजे मेनफ्रेमच्या टर्मिनलची, सेशन्स जागची हलली नाहीत, मी खुश, आणि तेवढ्यात आमच्याकडनं बाहेर जाणारी फाइल ट्रान्सफर तुटली. बाहेरचं कनेक्शन आपण सुरू करतो तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून व्हीपा जावा यासाठी टीसीपी-आयपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे प्रोफाइलमध्ये, सोर्सव्हीपा लिहावं लागतं, ते मी लिहिलं होतं की! मग?

उत्तर रेडबुकमध्ये, म्हणजे आयबीएमच्या तांत्रिक पुस्तकात, सापडलं. झेड-ओएसच्या टीसीपी-आयपीवर आयबीएमचे चार खंड आहेत, पीडीएफ फुकट मिळते, आणि मला ते मनापासून आवडतात कारण तिथं लिहिणाऱ्यांनी खरंच सिस्टम उभी करून, कमांड देऊन, पुढं काय दिसलं ते जसंच्या तसं छापलंय. कार्डं प्रोफाइलमध्ये लिहायच्या जुन्या डिव्हाइस-लिंक पद्धतीत होम नावाची पत्त्यांची यादी असते, तिच्यात व्हीपा हा कार्डाच्या वर हवा, कारण सोर्सव्हीपा त्या कार्डाच्या वरचा सगळ्यात जवळचा व्हीपा उचलतं. माझा व्हीपा सगळ्यात खाली होता. वर काहीच नाही म्हटल्यावर कार्डाचाच पत्ता गेला, म्हणजे पत्रावर घरच्या पत्त्याऐवजी रामसेतू पूल लिहिल्यासारखं झालं, पूल बुडाला की उत्तर येणार कुठं.

एक ओळ वर सरकवली एवढंच. नवीन प्रोफाइल घेऊन टीसीपी-आयपी परत चालू केलं, नेटस्टॅट होम ही कमांड देऊन यादीचा क्रम दोनदा बघितला, फाइल सोडली आणि तेच कार्ड पुन्हा बंद केलं. ट्रान्सफर जरा अडखळली, आम्ही सगळे स्क्रीनकडं बघत गप्प, आणि मग दुसऱ्या कार्डावरनं ती पूर्ण गेली.